मस्तुराचे दहापैकी दहा

मस्तुराला कुणी "कशी आहेस?" असं विचारलं, की प्रश्न पुरता बाहेर पडायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं : "छान, रहमत, तुम्ही कसे, मुलं कशी, मेंढ्या कशा?" रहमत म्हणजे आभार. वादळात घराचे पत्रे उडाले त्या वसंतात तिने हेच उत्तर दिलं होतं. नवरा वारला त्या महिन्यातही हेच, फक्त "छान" म्हणताना डोळ्यांतून पाणी येत होतं. यात तिचं एकटीचं विशेष काही नाही. इथे कोकंद शहरात सगळेच असे बोलतात. आपल्या दुखण्याचं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं, आणि तेही ज्याने आपल्यावर उपकार केले त्याच्या, म्हणजे माणूस कामातूनच गेला म्हणायचा. या भिडेला इथे अंदिशा म्हणतात. लग्नाची मुलगी बघायला जातात तेव्हा नाकडोळे मागाहून बघतात, आधी पोरीला अंदिशा आहे की नाही ते चाचपतात.

एका माणसापुढे मात्र मस्तुराची भीड पार मेलेली होती. समोरच्या घरातली ओयदिन. दोघी नान भाजून विकणाऱ्या, दोघींचे तंदूर एकाच गल्लीत, मध्ये आठ पावलांचा रस्ता आणि वीस वर्षांचं भांडण. भांडण कशावरून सुरू झालं ते दोघींनाही नीट आठवत नव्हतं. धुरावरून असावं किंवा कोंबड्यावरून. "मस्तुराचा नान खायचा तर दात घरी ठेवून करवत घेऊन या," असं ओयदिन गिऱ्हाइकांना मोठ्याने सांगायची. "ओयदिनचा नान घट्ट धरून ठेवा, वाऱ्याने उडून जाईल," असं इकडून उत्तर जायचं. गिऱ्हाइकं एकीकडून दोन आणि दुसरीकडून दोन घेऊन शहाण्यासारखी घरी जायची.

तीन हिवाळ्यांपूर्वी पीठ मळताना मस्तुराच्या उजव्या छातीत काहीतरी टोचलं. हात लावून पाहिला तर गाठ. ती अर्थातच तीन महिने गप्प बसली. शेवटी सुनेने, गुलसनमने, एक दिवस तिला न विचारता टॅक्सी बोलावली आणि उचलून कॅन्सरच्या इस्पितळात नेऊन बसवलं.

तिथे डॉक्टर फोझिल होते. वय चाळिशीच्या आत, आवाज मऊ, हात त्याहून मऊ. ताश्कंदहून नवीनच शिकून आलेले. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं : रोग कापून काढायचा, आणि त्याच बैठकीत पाठीचा एक पसरट स्नायू, वरच्या कातडीसकट, काखेखालून पुढे ओढून घ्यायचा आणि त्याची नवी छाती बनवायची. शिंपी जुन्या कोटाचं कापड उलटं करून पुढे लावतो, तसलाच प्रकार. "चार तासांत होईल, ओपा," डॉक्टर म्हणाले. ओपा म्हणजे ताई. मस्तुराच्या मनात एकच प्रश्न होता, की मग नान कोण थापणार? पण एवढ्या शिकलेल्या माणसाला नानाचं काय विचारायचं म्हणून ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

ऑपरेशन झालं आणि खरोखर छान झालं. रोग गेला. टाके सुकले. बायकांच्या हमामात गेल्यावर शेजारणी आडून आडून बघायच्या आणि मस्तुराही पाणी जरा सावकाशच घ्यायची, म्हणजे बघणारीची गैरसोय होऊ नये. डॉक्टर फोझिल यांचं नाव निघालं की तिला भरून यायचं. तिच्या लेखी देवाखालोखाल तोच माणूस होता.

तिसऱ्या महिन्यात तिने पहिल्यांदा पीठ मळायला घेतलं. उजवा हात पिठात दाबून खाली ओढला, तोच नवी छाती टुणकन उडाली. मस्तुरा दचकून मागे सरली. तिला आधी वाटलं, झग्यात उंदीर शिरला. पुन्हा हात दाबला, पुन्हा उडी. चार वेळा दाबला, चार वेळा उडी, अगदी तालात. त्या स्नायूची पाठीवरून पुढे बदली झालीय हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं. हात ओढला की तो आपला जुन्या जागी असल्यासारखा इमानेइतबारे कामाला लागायचा. मस्तुरा हसली, खूप हसली, मग दार लावून घेऊन थोडी रडली.

उडीचं एक वेळ चाललं असतं. खरं दुखणं तंदूरपाशी होतं. कोकंदच्या तंदूरचं तोंड समोर असतं. आत अर्धं अंग घालायचं, हातात गादीसारखी गोल उशी, उशीवर नान, आणि तो डोक्यावरच्या तापलेल्या छताला एका दमात चिकटवायचा. तिथे पाठीचा जोर लागतो. मस्तुराचा हात वर जायचा, पण जोर खांद्यापाशीच संपायचा. पहिला नान राखेत पडला. दुसरा पडला. तिसरा तिच्या डोक्यावर पडला. गुलसनमने तिच्या हातातली उशी काढून घेतली आणि स्वतः तंदूरमध्ये वाकली.

त्या दिवसापासून दुकानाच्या मागे एक पडदा लागला. पडद्यामागे गुलसनम नान भाजायची आणि पडद्यापुढे मस्तुरा विकायची. रोज पहाटे पुढे बसण्यापूर्वी ती कोपरापर्यंत पीठ फासून घ्यायची, कपाळावर थोडी राख लावायची आणि दर दहा मिनिटांनी "हुश्श" करायची. "आई, जरा जास्तच होतंय," गुलसनम पडद्याआडून म्हणायची. "तू नान बघ," आई म्हणायची. चाळीस वर्षांचा हात गेला हे मस्तुरा गल्लीत कुणालाही सांगू शकली असती. समोरच्या घरात ते कळलं असतं तर ती त्याच दिवशी गाव सोडून गेली असती.

दर सहा महिन्यांनी डॉक्टर फोझिल आपल्या बायकांना तपासायला बोलवत. "आपल्या" म्हणजे ज्यांना त्यांनी पाठीची छाती लावली त्या, एकूण एकतीस. त्यांना त्यावर संशोधन लिहायचं होतं. दहा प्रश्न होते आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे होते. आणि ते प्रश्न ते स्वतः, समोर चहाची पियाली ठेवून, मऊ आवाजात विचारत.

"हात वर करताना त्रास होतो का, ओपा?"

"छे! देव तुम्हाला शंभर वर्षं देवो."

"दुखतं का कधी?"

"दुखायला काय झालं? तुमच्या आईने काय खाऊन तुम्हाला जन्म दिला हो?"

"मग किती गुण देता?"

"दहाच आहेत का? मग दहा." आणि पिशवीतून चार गरम नान टेबलावर.

एकतीसपैकी तीस बायकांनी दहाच्या दहा प्रश्नांना दहापैकी दहा दिले. एकीने अकरा दिले, कारण ती डॉक्टरांच्या मामेबहिणीची सासू होती. डॉक्टरांच्या खोलीत नान, जर्दाळू आणि मुरंब्याच्या बरण्या यांना जागा उरली नाही. त्यांनी सगळे आकडे मांडून परदेशातल्या एका मासिकाला लेख पाठवला. दोन महिन्यांनी तो परत आला. सोबत चिठ्ठी होती : लेखकाने कृपया खुलासा करावा, की हे रुग्ण प्रत्यक्षात आहेत काय?

डॉक्टरांच्या ती चिठ्ठी फार जिव्हारी लागली. त्यांनी आपल्या हाताखालच्या नसीबा नावाच्या मुलीला सगळ्यांच्या घरी जाऊन पुन्हा विचारून यायला सांगितलं. म्हणजे मुळात फजिती होती ती दुप्पट झाली. इस्पितळात बायका नुसत्या रुग्ण होत्या, घरी त्या यजमानीण झाल्या. दारी आलेल्या पाहुणीला आपलं दुखणं सांगायचं? तिला पुलाव वाढायचा की खांदा दाखवायचा? नसीबा अठरा घरं फिरली, अठरा ठिकाणी दहापैकी दहा घेतले, आणि तिचं वजन चार किलोंनी वाढलं.

एकोणिसावं घर मस्तुराचं. नसीबा शनिवारी दुपारी आली. सव्वीस वर्षांची, चष्म्याची, हातात वही आणि चेहऱ्यावर पुलावाची धास्ती. मस्तुराने तिला कट्ट्यावर बसवलं, पुढे मनुके, अक्रोड, चेरीचा मुरंबा, वर गरम सम्से, म्हणजे तंदूरमध्ये भाजलेले सामोसे ठेवले.

"ओपा, मी जेवून आलेय."

"आमच्याकडे कुठे जेवलीस?"

नसीबाने एक सम्सा उचलला आणि वही उघडली. दहा प्रश्नांना दहापैकी दहा पाच मिनिटांत उरकले. मग चहा पिता पिता, काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "समोरच राहतात ना ओयदिन-ओपा? गुरुवारी त्यांचं ऑपरेशन आहे. त्यांनीच तुम्हाला सांगितलं असेल."

मस्तुराच्या हातातली किटली टेकली ती जरा जोरातच. गेले काही आठवडे समोरचा तंदूर मधूनच थंड असायचा, आणि त्यावरून तिने दोन चांगली टोमणेवजा वाक्यं करून ठेवली होती.

"ओयदिन? आमची ओयदिन?"

"त्याच. उजवी बाजू, तुमच्यासारखीच. त्या तर डॉक्टरांना म्हणाल्या, मस्तुराला केलंत तेच मला करा, एक टाकाही कमी नको. ती दोन महिन्यांत तंदूरला लागली, मी दीड महिन्यात लागते की नाही बघा." नसीबा हसली. "डॉक्टर खूश झाले. म्हणाले, मस्तुरा-ओपा म्हणजे आपली चालतीबोलती जाहिरात."

मस्तुरा हसली नाही. ओयदिनला सून नव्हती. दोन मुली, दोन्ही लांब दिलेल्या. नवऱ्याचा एक पाय अधू. तिचा हात गेला की पडद्यामागे उभं राहायला कुणी नव्हतं, तंदूर कायमचा विझणार होता. आणि मग या गल्लीत नान एकाच घरचा मिळणार होता.

हा विचार मस्तुराच्या मनात आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आला. चांगला ऐसपैस मांडी घालून बसला, त्याने चहासुद्धा घेतला. मग मस्तुराला त्याची इतकी लाज वाटली, की कानापर्यंत लाल होऊन ती उठली.

"पोरी, वही मीट आणि आत ये."

आत पिठाची परात होती. मस्तुराने दार लावलं, झग्याची वरची बटणं काढली आणि उजवा हात पिठात घालून ओढला. टुणकन. पुन्हा ओढला. पुन्हा टुणकन. नसीबाचा चष्मा नाकावरून घसरला.

"ओपा, हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. हे काहीच नाही. हे बघ." तिने भिंतीवरच्या कपाटावर हात ठेवून वरच्या फळीला रेटा दिला. हात तसाच खाली आला. "दोन वर्षांत मी एक नान चिकटवलेला नाही. सगळे गुलसनमने केले."

"पण आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, तुम्ही दहापैकी दहा..."

"त्या माणसाने माझा जीव वाचवला. त्याला काय मी चार देऊ?"

नसीबा मटकन पिठाच्या पोत्यावर बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही. अठरा घरं, चार किलो, आणि एकही खरं अक्षर नाही. "मग विचारू तरी कसं मी?" ती म्हणाली. "कुणी सांगणारच नसेल तर?"

मस्तुराने बटणं लावत थोडा विचार केला. "तुझी कशी आहे असं विचारू नकोस. त्याचं उत्तर छानच असतं, दुसरं असूच शकत नाही. असं विचार, की माझ्या मावशीचं ऑपरेशन व्हायचंय, तिला काय सांगू? मग बघ. दुसऱ्या बाईला सावध करायचं म्हटलं की इथे कुणी कुणाची भीड धरत नाही."

नसीबाने परतीच्या वाटेवर, आधी होऊन गेलेल्या तीन घरांत पुन्हा डोकावून तिच्या नसलेल्या मावशीचं विचारलं. पहिली बाई म्हणाली, मावशीला म्हणावं गालिचे झोडपायचे असतील तर विसर, मला जमत नाही. दुसरी म्हणाली, नातवाला उचलताना खांद्यात कळ येते, मी त्याला म्हणते तू मोठा झालास, तो आहे दीड वर्षाचा. तिसरी टोपीवर कशिदा काढणारी. ती म्हणाली, मला काडीचा त्रास नाही, मावशी बसून काम करणारी असेल तर बेधडक करून घे म्हणावं. नसीबाने रस्त्यातच एका भिंतीला टेकून सगळं लिहून काढलं. दोन वर्षांत नव्हतं ते एका दुपारी तिच्या वहीत होतं : ऑपरेशन चांगलं होतं, पण ते कुणासाठी चांगलं, हे बाई हाताने काय काम करते त्यावर ठरत होतं.

सोमवारी डॉक्टर फोझिल स्वतः गल्लीत आले. पडद्यामागे जाऊन त्यांनी तंदूर पाहिला. कोट काढून, हातात उशी घेऊन आत वाकूनही पाहिलं. बाहेर आले ते भुवया जळून आणि तोंड काळंठिक्कर पडून.

"ओपा, दोन वर्षं मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने विचारत होता. कसं सांगणार?"

"मी एकदा तरी विचारायला हवं होतं, की तुम्ही करता काय." ते ओट्यावर बसले. गुलसनमने पाणी आणून दिलं. "मी समजत होतो नान आपोआप होतो."

मग ते कामाचं बोलले. मस्तुराच्या स्नायूची नस एका छोट्या ऑपरेशनने तोडता येईल, उड्या थांबतील. गेलेला जोर मात्र सगळा परत येणार नाही, व्यायामाने थोडा येईल. हे त्यांनी मऊ आवाजात न सांगता सरळ सांगितलं, आणि मस्तुराला ते का कोण जाणे बरं वाटलं. ओयदिनसाठी दुसरा रस्ता होता : पोटाची कातडी आणि चरबी घ्यायची, सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या धाग्याने तिच्या बारीक रक्तवाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना जोडायच्या. पाठीला हातही लागत नाही. पण सात तास लागतात. आणि जोड जमला नाही तर लावलेलं सगळं काढावं लागतं.

"मग तेच करा," मस्तुरा म्हणाली.

"सकाळी त्यांना तेच सांगून आलो. ऐकत नाहीत." डॉक्टरांनी कपाळावरची काजळी आणखी पसरवली. "म्हणतात, मस्तुराला पहिल्या प्रतीचं आणि मला दुसऱ्या प्रतीचं काय म्हणून? तिला चार तास आणि मला सात? मला पाठीचंच हवं, नाहीतर मी ऑपरेशनच करणार नाही. आणि एका रुग्णाचं दुसऱ्याला सांगायला मला बंदी आहे, ओपा, त्यांचं तुम्हाला सांगून बसलो तीच चूक. मी तुमच्याबद्दल तोंड उघडू शकत नाही."

असं म्हणून ते मस्तुराकडे बघत राहिले. गुलसनमही पडदा धरून बघत राहिली. मस्तुराने मनातल्या मनात ओयदिनला, डॉक्टरांना आणि त्या परदेशी मासिकाला प्रत्येकी एक शिवी हासडली.

मंगळवारी दुपारी तिने हातपाय धुतले, पीठ एक कणभरही अंगाला राहू दिलं नाही, आणि आठ पावलांचा रस्ता ओलांडला. वीस वर्षांत ती त्या दारातून फक्त दोनदा आत गेली होती, दोन्ही वेळा मयताला.

ओयदिन अंगणात मोसंबी रंगाची गोधडी पांघरून बसली होती. बारीक झाली होती. जीभ मात्र होती तेवढीच होती.

"या! माझं गिऱ्हाईक मोजायला आलात वाटतं? गुरुवारपर्यंत तरी थांबायचं."

"ओयदिन, पाठीचं करून घेऊ नकोस."

"का? तुझ्याएवढं सुंदर दिसेन म्हणून?"

मस्तुराने घरून वाक्यं जुळवून आणली होती. आजार, नशीब, डॉक्टरांचे उपकार, अशी गोलगोल सुरुवात होती. त्यातलं एकही आठवेना. तिने उजवा हात वर केला, अंगणातल्या द्राक्षवेलीच्या मांडवाची आडवी काठी धरली आणि ती वर रेटायचा प्रयत्न केला. काठी हलली नाही.

"एवढाच जोर राहिलाय," ती म्हणाली. "दोन वर्षं माझ्या दुकानात माझ्या हातचा एक नान विकला गेलेला नाही. सगळे गुलसनमचे. मी नुसतं पीठ फासून बसते. बस, आता ओरडून सांग सगळ्या गल्लीला. पण पोटाचं करून घे."

ओयदिनने तिच्याकडे पाहिलं. मग नजर खाली घालून ती गोधडीचा दोरा ओढत बसली.

"गुलसनमचे ते माहीताय मला," ती म्हणाली.

"काय?"

"तुझा नान मधे जाड आणि काठाला कडक. वीस वर्षं बघतेय, मला कळायचं नाही? त्या पोरीचा सगळीकडे सारखा येतो. पहिल्याच दिवशी कळलं. खरं सांगायचं तर तुझ्यापेक्षा बराय."

"मग बोलली नाहीस कधी?"

"काय बोलायचं? मला वाटलं, दुखण्यातून उठलीय, विस्तवाची भीती बसली असेल. बसते माणसाला." ओयदिनने दोरा तोडला. "आमचे हे एकदा दुकानात म्हणाले, मस्तुरा आता नुसती बसून असते. मी त्यांना म्हटलं, पुन्हा हे बोललात तर तुमचा दुसरा पायही मोडेन."

वीस वर्षं या बाईने मस्तुराच्या नानाला, कोंबड्याला, धुराला, चालण्याला आणि माहेराला नावं ठेवली होती. आणि जिथे एका शब्दाने दुकान बसवता आलं असतं तिथे दोन वर्षं तोंड शिवून बसली होती. मस्तुरा तिथेच पायरीवर बसली. तिला ओयदिनचा भयंकर राग आला, आणि इतकी माया वाटली की काय करावं सुचेना.

मग ओयदिन म्हणाली, आणि तिचा आवाज वेगळाच होता, "सात तास, मस्तुरा. उठेन का गं मी त्यातून?"

"उठशील" हा शब्द मस्तुराच्या जिभेवर आला होता. छान, रहमत, उठशील. तिने तो गिळला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांचा हात चांगलाय, एवढं माहीताय. आणि सात तास मी दाराबाहेर बसून असेन."

"आणि तुझं दुकान?"

"गुलसनम बघेल. पडदा काढलाय सकाळीच."

ओयदिनने मान हलवली. नाक पुसलं. "पोटाचं तर पोटाचं. तिथे काही कमी नाही, त्यांना हवं तर दोघींना पुरेल एवढं घेऊ दे." मग एकदम आठवल्यासारखं : "आणि इस्पितळात नान आणशील तो तिच्याच हातचा आण."

गुरुवारी सकाळी सातला मस्तुरा ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. शेजारी ओयदिनचा नवरा, पाय लांब करून. सात तासांचे नऊ झाले. मधे नसीबा दोनदा बाहेर आली आणि दोन्ही वेळा मस्तुराने तिला काही विचारलं नाही, कारण तिला खरं उत्तर ऐकायची हिंमत नव्हती. चार वाजता डॉक्टर बाहेर आले, भिंतीला टेकले आणि म्हणाले, जोड धरलाय, रक्त वाहतंय, आता जागी होऊ दे.

संध्याकाळी एकीलाच आत सोडणार होते. नवरा म्हणाला, तुम्ही जा, मला बघून ती नुसतं छान आहे म्हणेल. मस्तुरा आत गेली. ओयदिन नळ्यांमध्ये गुंडाळलेली, ओठ सुकलेले, डोळे अर्धे उघडे. पायथ्याशी नसीबा वही घेऊन उभी होती.

"कशी आहेस गं?" मस्तुराने वाकून विचारलं.

ओयदिनचे ओठ हलले. आवाज यायला वेळ लागला.

"वाईट," ती म्हणाली. "पोट जळतंय. घसा सोललाय. ही चष्मेवाली मघापासून पेन टकटकवतेय. आणि तू डोक्यावर उभी, तुझ्या अंगाला धुराचा वास येतोय."

मस्तुराला रडू फुटलं. ती तशीच, डोळेसुद्धा न पुसता, धावत बाहेर आली.

"बरी आहे!" ती नवऱ्याला ओरडून म्हणाली. "अहो, अगदी बरी आहे!"